काटकसर उष्णतेची की धुराड्याची?

थंडीचे दिवस सुरू झाले की वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हटकून येते. गाव बदलते, नावे बदलतात, बातमी तीच असते. न्हाणीघराचे दार बराच वेळ उघडले नाही, हाकांना उत्तर आले नाही, अखेर दार फोडले तेव्हा स्नानाला गेलेली व्यक्ती जमिनीवर निश्चेष्ट पडलेली आढळली. भिंतीवरचा गॅस गीझर मात्र चालूच होता. अंगावर भाजल्याची खूण नसते, स्फोट झालेला नसतो, शेजाऱ्यांना कसला वासही आलेला नसतो. बातमीच्या अखेरीस ‘गॅसगळतीमुळे मृत्यू’ असे एक वाक्य असते आणि पुष्कळदा ते चूक असते. गॅस गळालेला नसतो. तो जळालेला असतो, पण अर्धवट.

हा केवळ शब्दांचा घोळ आहे असे कोणी म्हणेल. परंतु रोगाचे नाव चुकले की औषधही चुकते. गळतीची भीती मनात असलेला गृहस्थ रबराची नळी तपासतो, सिलिंडरच्या तोंडाशी साबणाचा फेस लावून पाहतो, नाक लावून वास घेतो आणि वास येत नाही म्हणून निर्धास्त होतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. ते द्रव्य ज्वालेत जळून जाते. ज्वालेतून जो घातक वायू निर्माण होतो, त्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, ना चव. म्हणजे आपण ज्या पहारेकऱ्यावर विसंबतो तो नेमका चोर येण्यापूर्वीच दारातून निघून गेलेला असतो.

हे सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला विद्वत्तेमुळे नव्हे, तर स्वतःच्या चुकीमुळे मिळाला आहे. आयुष्याची तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. पूर्ण ज्वलन आणि अपूर्ण ज्वलन यांची समीकरणे फळ्यावर किती वेळा लिहिली असतील याची गणती नाही. आणि तरीही एका जानेवारीत, बोचरे वारे येते म्हणून, घरच्या न्हाणीघराच्या खिडकीतील काचेच्या पट्ट्यांवर मी स्वतःच्या हाताने पुठ्ठा ठोकला. गीझर त्याच चार भिंतींच्या आत होता. मुलगी परीक्षेच्या अभ्यासात होती. स्नान करून आली की डोके दुखते, मळमळते, अशी तिची तक्रार सुरू झाली. आम्ही पित्ताचे औषध दिले, जागरण कमी कर असे सांगितले. एके दिवशी ती दाराची कडी काढून बाहेर आली आणि उंबऱ्यातच कोसळली. कडी काढण्याइतके बळ तिच्या हातात उरले होते, एवढेच आमचे दैव. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला, “गीझर न्हाणीघरातच आहे का?” तीस वर्षे फळ्यावर लिहिलेले समीकरण मला त्या क्षणी प्रथमच कळले.

बंबाने शिकवलेला धडा

आपल्याकडे पाणी तापवण्याची कला नवीन नाही. जुन्या घरांतून तांब्याचा बंब असे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळीवर गोवऱ्या, करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी. वरून थंड पाणी ओतावे तेव्हा तोटीतून कढत पाणी यावे. आजच्या भाषेत बोलायचे तर धुराडे पाण्याच्या पोटातून नेऊन धुरातली उष्णता पाण्याला देणारे ते यंत्र होते. पण बंबाच्या रचनेपेक्षा त्याची जागा अधिक शहाणपणाची होती. तो परसात असे, पडवीत असे, फार तर न्हाणीघराच्या बाहेरच्या अंगाला असे. पाणी आत येई, विस्तव बाहेर राही. यात आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र कळत होते असा दावा करण्याचे कारण नाही. धूर डोळ्यांना झोंबत होता, भिंती काळ्या होत होत्या, म्हणून त्यांनी धुराला वाट करून दिली. धूर स्वतःच आपल्या धोक्याची दवंडी पिटत होता.

गॅसच्या निळ्या ज्वालेने ही दवंडी बंद केली. लंडनमध्ये १८६८ साली बेंजामिन मॉन याने गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलँडमधील उष्ण फवाऱ्यांवरून त्याला ‘गीझर’ असे नाव दिले. त्या आरंभीच्या यंत्राला धुराडे नव्हते. ज्वाला स्वच्छ दिसते, काजळी धरत नाही, मग धुराडे कशाला, हा विचार तेव्हा स्वाभाविक वाटला असेल. तोच विचार आज दीडशे वर्षांनंतरही आपल्या न्हाणीघरांतून नांदतो आहे, ही मात्र स्वाभाविक गोष्ट नव्हे.

कोंडलेल्या धुराने मृत्यू येण्यासाठी गरिबी किंवा अज्ञान लागते असेही नाही. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमधील आपल्या शयनगृहात मरण पावला तो याच वायूने. शेकोटीचे धुराडे तुंबले होते. ते मुद्दाम कोणी बुजवले होते की काय हा वाद पुढे पुष्कळ रंगला. पण वाट कोणी बुजवली याने वायूच्या गुणधर्मात फरक पडत नाही. पॅरिसमध्ये ते तुंबलेले धुराडे होते. आमच्या घरी तो माझा पुठ्ठा होता.

पाच घनमीटरांचा हिशेब

न्हाणीघरात नेमके काय घडते याचा हिशेब शाळेतील मुलालाही करता येईल. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा साधा गीझर दहा मिनिटे चालला, तर सुमारे १६० ग्रॅम गॅस जळतो. तेवढा गॅस पूर्णपणे जळण्यास सुमारे दोन घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू लागतो. आणि चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच अशा न्हाणीघरात हवा असते पाच-साडेपाच घनमीटर. म्हणजे दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या असतील तर दहा मिनिटांत ज्वाला खोलीतल्या प्राणवायूचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग मागते. तो संपूर्ण मिळण्याच्या कितीतरी आधी, हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून थोडे खाली आले की, ज्वलन बिघडू लागते आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचे जाळे साचले असेल तर हे याहूनही लवकर घडते.

हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आवेगाने चिकटतो. हवेच्या दहा हजार भागांत त्याचे सोळा भाग झाले, तरी वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर व मळमळ सुरू होते आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. प्रमाण वाढले की हा अवधी मिनिटांवर येतो. पायांतली शक्ती आधी जाते, शुद्ध नंतर. म्हणूनच धोका उमगला तरी दारापर्यंत पोहोचता येत नाही. जे वाचतात त्यांच्यापैकी काहींना पुढे स्मरणशक्तीचे व हालचालींचे विकार जडतात. आपल्याकडील वैद्यकीय नियतकालिकांतून ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे स्वतंत्र नावच रूढ झाले आहे. एखाद्या रोगाला घरगुती उपकरणाचे नाव मिळावे, हा त्या उपकरणाचा गौरव खचित नव्हे.

धुरात वाहून जाणारी वाफ

हे झाले एका टोकाचे चित्र. दुसऱ्या टोकाला एक असे यंत्र आहे की ज्यात गॅस तोच, ज्वाला तीच, पाणी तेच. परंतु खोलीतल्या हवेशी त्याचा काही संबंध नाही. त्याला कंडेन्सिंग वॉटर हीटर म्हणतात. आपण संघनक म्हणू. गंमत अशी की हे यंत्र सुरक्षिततेच्या ध्यासातून जन्मलेले नाही. ते जन्मले काटकसरीतून. १९७३ च्या तेलसंकटाने युरोपचे डोळे उघडले, तेव्हा धुराड्यातून आकाशात जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब लोक मांडू लागले. नेदरलँड्ससारख्या देशांत १९८० च्या दशकाच्या आरंभी अशा तऱ्हेचे घरगुती बॉयलर बाजारात आले.

कल्पना सोपी आहे. गॅस जळतो तेव्हा नुसता कार्बन डायऑक्साइड निर्माण होत नाही, पाणीही निर्माण होते. वर सांगितलेल्या १६० ग्रॅम गॅसपासून सुमारे पाव लिटर पाणी तयार होते. ते अर्थातच वाफेच्या रूपात असते आणि धुराबरोबर निघून जाते. आता, पाण्याची वाफ करण्यास जी उष्णता लागते ती वाफेत दडून बसते. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक याने अठराव्या शतकात, १७६० नंतरच्या काही वर्षांत, या अप्रकट उष्म्याचा शोध लावला. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवण्यास एक कॅलरी पुरते. तेच पाणी शंभर अंशांवर असताना त्याची वाफ करण्यास ५४० कॅलरी लागतात. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ही सारी ठेव परत मिळते. म्हणून तर उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका अधिक भाजतो, आणि म्हणूनच मोदकपात्रातले मोदक पाण्याला न शिवता शिजतात. वाफ मोदकाच्या पारीवर येऊन पाणी होते आणि आपली ठेव तेथे ठेवून जाते.

संघनक हीटर धुराकडून हीच ठेव वसूल करतो. साध्या गीझरमधून धूर बाहेर पडतो तो दीडशे अंशांच्या किंवा त्याहूनही वरच्या तपमानाला. संघनकात तोच धूर बाहेर जाण्यापूर्वी आत येणाऱ्या थंड पाण्याच्या नळ्यांवरून नेला जातो. थंड पाणी प्रथम निवत चाललेल्या धुराला भेटते, कोमट होते आणि मग ज्वालेकडे जाते. धूर ५५ अंशांच्या आसपास आला की त्यातली वाफ नळ्यांवर दवासारखी जमू लागते. स्नानाच्या पाण्यासाठी ही रचना विशेष लाभदायक, कारण नळातून येणारे पाणी नेहमीच थंड असते. थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी जे पाणी भिंतीलगतच्या तापकांतून फिरून परत येते, ते फार गरम असेल तर वाफ जमतच नाही आणि संघनकाचा संघनकपणा नावापुरता उरतो.

नैसर्गिक वायूच्या बाबतीत अशी दडलेली उष्णता एकूण उष्णतेच्या दहा टक्क्यांच्या घरात असते, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्या बाबतीत आठ टक्क्यांच्या. शिवाय धूर निवल्यामुळे वाचते ती वेगळीच. काही जाहिरातींतून या यंत्रांची कार्यक्षमता १०७ किंवा १०९ टक्के छापलेली आढळते. विद्यार्थ्यांनी त्याने गोंधळून जाऊ नये. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कोणी मोडलेला नाही. वाफेतली उष्णता मुळात हिशेबातच न धरता टक्केवारी काढण्याची जुनी प्रथा तेवढी कारणीभूत आहे. जमेच्या बाजूला जी रक्कम लिहिलीच नव्हती ती वसूल झाली, तर वसुली शंभराच्या वर दिसणारच.

काटकसरीतून आलेली सावधगिरी

येथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. धूर गरम ठेवणे हा जुन्या यंत्रांचा निव्वळ उधळेपणा नव्हता. गरम धूर हलका असतो, आपोआप वर चढतो, धुराड्यातून निघून जातो. त्याची सगळी उष्णता काढून घेतली की तो मरगळतो. त्याला वर ढकलणारे बळ उरत नाही. म्हणजे काटकसरी यंत्राने धुराच्या पायातली शक्ती काढून घेतली, आणि मग त्याला बाहेर पोहोचवण्याची जबाबदारी यंत्रावर येऊन पडली. म्हणून पंखा आला. पंख्याच्या भरवशावर ज्वाला पेटवायची तर पंखा खरोखरच हवा ओढतो आहे याची खात्री हवी. म्हणून हवेचा दाब किंवा प्रवाह मोजणारी कळ आली. घरातली हवा वापरण्याऐवजी बाहेरचीच आणावी, या विचारातून नळीच्या आत नळी अशी रचना आली: आतल्या नळीतून धूर बाहेर जातो, भोवतालच्या पोकळीतून ताजी हवा आत येते. ज्वाला बंद पेटीत जळते. खोलीतल्या माणसाच्या आणि तिच्या श्वासाचा मार्गच वेगळा होतो.

एकदा यंत्राने जबाबदारी पत्करली की ते प्रत्येक पायरीवर पुरावा मागू लागते. तोटी उघडल्यावर पाणी पुरेसे वाहते आहे काय, हे प्रथम पाहिले जाते. मग पंखा काही सेकंद नुसताच फिरतो आणि पेटीत चुकून साचलेला गॅस हाकलून देतो. मग ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. ज्वाला खरोखर पेटली की नाही हे एक धातूची कांडी ठरवते. ज्वालेतून वीज वाहू शकते, पण अत्यल्प, अँपिअरच्या दशलक्षांश भागांत मोजावी एवढी. तेवढा प्रवाह ठरलेल्या काही सेकंदांत मिळाला नाही तर गॅस बंद होतो. गॅसच्या मार्गावर झडपा दोन असतात, एकामागे एक. एक अडकली तरी दुसरी मिटावी म्हणून. पाणी प्रमाणाबाहेर तापले तर उष्णतेने तुटणारी कळ वेगळी. टाकी असलेल्या हीटरवर दाब वाढताच आपोआप उघडणारी सुरक्षा-झडप असते, आणि तिची नळी माणसाच्या अंगावर कढत पाणी उडणार नाही अशा ठिकाणी सोडावी लागते. ती नळी गळते म्हणून बूच मारून बंद करणारे महाभाग सर्व देशांत आहेत. त्यांच्या हातून पाण्याची टाकी बॉम्ब बनते.

जमलेल्या पाण्याची व्यवस्था हाही याच शिस्तीचा भाग. ते पाणी किंचित आम्ल असते, त्याचा पीएच साधारणपणे तीन ते पाच यांच्या दरम्यान असतो. साधे लोखंड त्याने खाऊन टाकले जाते, म्हणून संघनकाच्या नळ्या गंज न धरणाऱ्या पोलादाच्या किंवा विशिष्ट ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या करतात. गटारात सोडण्यापूर्वी ते पाणी चुनखडीच्या किंवा संगमरवराच्या खड्यांतून नेले तर त्याची आम्लता मारली जाते. आणि त्याच्या नळीला एक वळसा दिलेला असतो, ज्यात नेहमी पाणी भरून राहते, म्हणजे धूर त्या वाटेने घरात शिरत नाही. ही नळी तुंबली तर यंत्र बंद पडते. १९१० नव्हे, अगदी अलीकडे, २०१० च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये कडाक्याची थंडी पडली, तेव्हा घराबाहेरून नेलेल्या अशा नळ्या गोठून असंख्य बॉयलर बंद पडले. लोकांचे हाल झाले हे खरे. परंतु येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: यंत्र अडले तेव्हा ते थांबले, धूर घरात सोडून चालत राहिले नाही. चांगल्या यंत्राची हीच कसोटी आहे. ते बिघडणार नाही असे नव्हे, तर बिघडले असता कोणत्या बाजूला बिघडते, हे पाहिले पाहिजे.

यंत्र, कारागीर आणि कायदा

यंत्र कितीही शहाणे असले तरी ते भिंतीवर बसवणारा माणूस असतो, आणि त्या माणसाला जाब विचारणारा कायदा लागतो. ब्रिटनने हे किंमत मोजून शिकले. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनान पॉइंट या नव्याकोऱ्या बावीस मजली इमारतीत एका घरी पहाटे चुलीसाठी काडी ओढली गेली, गळालेल्या गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे दगावली. एका सदोष पितळी जोडनटाचा तो प्रताप होता. त्यानंतर १९७० साली गॅसची कामे करणाऱ्या कारागिरांच्या नोंदणीची व्यवस्था तेथे उभी राहिली; पुढे २००९ मध्ये तिची जागा नव्या नोंदवहीने घेतली. १९९८ च्या नियमांनी तेथे स्पष्टच सांगितले की न्हाणीघरात बसवायचे गॅसचे उपकरण बाहेरची हवा घेणारे आणि बाहेरच धूर सोडणारे, म्हणजे बंद पेटीचे, असले पाहिजे. भाड्याच्या घरातील गॅस-उपकरणांची तपासणी दर वर्षी करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. आणि १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नवे गॅस-बॉयलर, काही अपवाद सोडता, संघनक जातीचेच बसवावेत असा नियम झाला.

ज्या शहरात बिनधुराड्याचा गीझर जन्मला, त्याच शहरात त्याला न्हाणीघरातून हद्दपार केले गेले. आपण मात्र त्याची जन्मकाळची आवृत्ती जपून ठेवली आहे.

यावर आक्षेप येईल की संघनक हीटर महाग असतो आणि आपल्या मध्यमवर्गीय घराला तो परवडणारा नाही. हा आक्षेप प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. चार माणसांच्या कुटुंबात गीझर रोज चाळीस मिनिटे चालतो असे धरले, तर सुमारे ६४० ग्रॅम गॅस लागतो. संघनकाने त्यात पंधरा टक्के बचत केली तरी रोजची बचत शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण साडेचार महिन्यांत १४.२ किलोचा एक सिलिंडर. एवढ्यासाठी प्रत्येकाने हे यंत्र घ्यावे असा आग्रह मी धरणार नाही. वसतिगृहे, रुग्णालये, मोठी उपाहारगृहे, जेथे पाणी दिवसभर तापते, तेथे हिशेब वेगळा होईल आणि तेथे संघनकाचा विचार अवश्य व्हावा. परंतु संघनकाचे दोन गुण आहेत, आणि ते वेगळे करून पाहता येतात. एक, वाफेची उष्णता वसूल करणे. ही सोय आहे, ती ऐपतीप्रमाणे घ्यावी. दुसरा, बंद पेटी आणि धुराची स्वतंत्र वाट. ही चैन नव्हे. संघनन न करणारे पण बंद पेटीचे गीझरही असतात. पहिल्या गुणाशिवाय आपला खर्च वाढेल. दुसऱ्याशिवाय माणूस जाईल.

दुसरा आक्षेप असा की खिडकी उघडी ठेवली म्हणजे पुरे. खिडकी उघडी ठेवावीच. पण ज्या दिवसांत पाणी अधिक तापवावे लागते, गॅस अधिक वेळ जळतो, नेमक्या त्याच दिवसांत माणूस खिडकी लावतो. जी सुरक्षितता हिवाळ्यातल्या पहाटे कुडकुडणाऱ्या माणसाच्या आठवणीवर अवलंबून असते, ती सुरक्षितता नव्हे, तो निव्वळ उपदेश होय. मला तर तो उपदेश करण्याचाही पगार मिळत होता.

तेव्हा मागण्या तीनच आहेत, आणि त्या अवाजवी नाहीत. धुराची नळी नसलेला गॅस गीझर न्हाणीघरात बसवण्यास मनाई असावी आणि इमारतीचे नकाशे मंजूर करतानाच गीझरची जागा व धुराची वाट दाखवण्याचे बंधन बांधकाम करणाऱ्यावर घालावे. गीझर बसवणारा कारागीर प्रशिक्षित व नोंदलेला असावा आणि त्याने आपल्या सहीचा कागद घरमालकाला द्यावा. आणि अशा प्रत्येक मृत्यूची नोंद ‘गॅसगळती’ या सरधोपट सदरात न करता खऱ्या कारणाखाली व्हावी. नाही तर किती माणसे गेली हेच आपल्याला कधी कळणार नाही.

हे होईल तेव्हा होवो. तोपर्यंत घरोघरी करण्याजोगे पुष्कळ आहे. गीझर बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेत न्यावा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत आणावी. बंबाचा जुना न्याय हाच होता. ते शक्य नसेल तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच स्नानास जावे. एकामागून एक स्नाने करताना मध्ये न्हाणीघर मोकळे राहू द्यावे. निळ्याऐवजी पिवळी, लवलवती ज्वाला दिसू लागली की यंत्र वापरणे थांबवून साफ करून घ्यावे. मात्र ज्वाला निळी आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी छोटी यंत्रे मिळतात, ती लावावीत. स्नानानंतर वारंवार डोके दुखत असेल तर पित्ताआधी गीझरवर संशय घ्यावा. कोणी कोसळलेले आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, व्यक्तीला उघड्या हवेत आणावे आणि रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ तास-दीड तासावर येतो. करोनाच्या साथीपासून घरोघरी आलेल्या, बोटाला लावायच्या प्राणवायूमापकावर येथे विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ठीकच दिसते आणि आकडा चांगला दाखवला जातो.

काटकसर हा आपल्या मध्यमवर्गाचा कुलधर्म आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु काटकसर दोन प्रकारची असते. धुरातल्या उष्णतेचा कण न् कण वेचून घेणारी एक, आणि धुराडेच वाचवणारी दुसरी. पहिलीने यंत्राला सावध होण्यास भाग पाडले. दुसरीचा हिशेब वृत्तपत्राच्या आतल्या पानावर दर हिवाळ्यात छापून येतो.

आमच्या न्हाणीघराच्या खिडकीवरचा पुठ्ठा मी त्याच दिवशी काढला. गीझर आता बाहेरच्या बाल्कनीत आहे. पहाटे न्हाणीघरात वारे शिरते, आणि मुलगी आतून थंडीच्या नावाने ओरडते. ते ओरडणे ऐकू येते, यात सर्व काही आले.